बारावी बाटली

निकान्द्रोने त्या सकाळी दाढी केली होती, आणि रोसेन्दोच्या नजरेतून ती सुटणं शक्यच नव्हतं. रोसेन्दो अमेरिकेच्या सीमेलगतच्या मेहिकाली गावच्या पाणी खात्याची गाडी चालवायचा, आणि गाडीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची.

"मास्तर, नदीला भेटायला एवढा थाट?" तो म्हणाला. "तिला बिचारीला स्वतःच्या वासापुढे काही कळत नाही."

निकान्द्रो त्याच खात्यात पंप सांभाळायचा, म्हणून सगळ्यांचा मास्तर. त्याने बाटल्यांसाठीची बर्फाची पेटी मांडीवर घेतली आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्यांची नदी उत्तरेला वाहते. अर्ध्या गावाचं सांडपाणी पोटात घेऊन ती सीमेवरच्या कुंपणाखालून अमेरिकेत शिरते, तिथल्या कॅलेक्सिको गावाच्या कडेने जाते आणि त्यांच्याही नाकात बसते. घाण दोघांची झाली म्हणून दोन्ही देशांच्या सामाईक बँकेने शुद्धीकरण केंद्राला पैसे द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. आधी सलग बारा महिने दोन्हीकडच्या माणसांनी मिळून पाण्याचे नमुने घ्यायचे. बादली एक, बाटल्या दोन, तपासण्याच्या जागा दोन. इकडच्या बाटलीवर तिकडच्या माणसाची सही आणि तिकडच्या बाटलीवर इकडच्याची, म्हणजे पलीकडच्यांनी नळाचं पाणी भरलं असं पुढे कोणी म्हणायला नको. सही जागेवरच व्हायला हवी. एक बाटली जरी बाद झाली, तरी मोजणी पुन्हा पहिल्या महिन्यापासून.

आजचा बारावा महिना होता.

पलीकडून यायची ती ओदिलिया. पन्नाशी ओलांडलेली, उंच, डोक्यावर गवती टोपी. पहिल्या महिन्यात निकान्द्रो तिच्याशी फक्त पाण्याच्या तापमानाबद्दल बोलला. दुसऱ्या महिन्यात तिने विचारलं की तुमच्याकडे सगळेच पंपवाले इतके मुके असतात का. तिसऱ्या महिन्यापासून तो महिनाभर मनात वाक्यं जमवायचा, आणि कुंपणाशी आल्यावर त्यातली दोनतीनच तोंडातून निघायची. तीसुद्धा ती हसली की त्याला पुरायची. एकोणसाठ वर्षांचा, लग्न राहून गेलेला माणूस. आपल्याला हे काय होतंय, याची त्याला स्वतःचीच लाज वाटे.

त्याला पलीकडे जाता येत नव्हतं. व्हिसा दोनदा नाकारला होता. तिला इकडे येता येत होतं. म्हणून पाचव्या महिन्यात त्याने सगळा धीर गोळा करून विचारलं होतं की एखाद्या रविवारी चिनी खाणावळीत जेवायला याल का, आमच्याकडचे चिनी लोक तळलेल्या पिवळ्या मिरच्या फार छान देतात. मग तिने सांगितलं की येताना दहा मिनिटं लागतात, पण परत जाताना रांगेत तीन तास जातात, आणि तिची आई अंथरुणाला खिळलेली, तिला तासाभराहून जास्त एकटं ठेवता येत नाही. त्यानंतर तो विषय दोघांनीही काढला नाही. राहिली ती महिन्यातली अर्धी घटका, आणि केंद्र उभं राहिलं की तीही जाणार होती. मग यंत्रं बसणार होती. यंत्रांना सह्या लागत नाहीत.

आज ती कुंपणाशी आधीच येऊन उभी होती. त्याने नदीत बादली सोडली, वर ओढली. ओदिलियाने कुंपणाच्या गजांच्या फटीतून नरसाळं धरलं आणि त्याने तिची बाटली भरली, मग आपली. पाणी नेहमीसारखंच करडं होतं, वर फेस. ती म्हणाली की आईलाही पाठ झालंय, आज बारावा महिना. तो म्हणाला, हो, बारावा. तिने त्याच्या बाटलीवर सही केली. तो तिच्या हाताकडे बघत होता. मग त्याने हातातल्या पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं.

"बरंय मग, मास्तर," ती म्हणाली.

"बरंय, बाई."

ती बांध चढू लागली. तो गाडीकडे वळला आणि चार पावलांवर थबकला. पेन खिशात होतं खरं, पण त्याने ते कशाला वापरलं होतं? काहीच आठवेना. आणि आठवेना, कारण वापरलंच नव्हतं. तिच्या बाटलीवर त्याची सही नव्हती.

तो उभाच राहिला. ती सावकाश चढत होती. आता नुसतं गप्प राहायचं होतं, बस. काही खोटं करायला नको, कोणाला फसवायला नको. परवा तिकडून पत्र येईल की बाटली बाद. दोन शिव्या बसतील, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिला नमुना. पुन्हा बारा महिने.

गाडीतून रोसेन्दोने भोंगा वाजवला.

निकान्द्रोला त्याची बहीण एउफेमिया आठवली. तिचं घर याच नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठावर होतं. स्वयंपाकघराची खिडकी तिने वासापायी वीस वर्षांपूर्वी खिळे ठोकून बंद केली होती आणि पन्नास अंशांच्या उन्हाळ्यातही ती त्या बंद खिडकीशी उभी राहून भाकऱ्या भाजायची. बँकेने पैसे कबूल केल्याचं त्याने तिला सांगितलं, तेव्हा तिने खिळ्यांवरून बोट फिरवलं होतं.

ओदिलियाने गाडीचं दार उघडलं.

"ओदिलिया!"

तिचं नाव त्याने आजवर मोठ्याने कधी घेतलंच नव्हतं. आवाज इतका मोठा निघाला की काठावरचे बगळे उडाले.

ती वळली. मग बाटली घेऊन खाली आली, चढली होती त्याहूनही सावकाश. ती कुंपणाशी पोचल्यावर त्याने अडखळत सांगितलं की सही राहिली, माझी चूक, लक्ष नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तुमच्या लक्षात आलं होतं?"

"तुम्ही टोपण लावलंत तेव्हाच." तिने टोपी काढली. कपाळावर घामाची रेघ उमटली होती. "मी काही बोलणार नव्हते, मास्तर. देवाशपथ, मी अशीच घरी जाणार होते."

त्याने फटीतून हात घातला. तिने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली, कागद त्याच्याकडे करून. नेहमी तो सही म्हणून एक रेघोटी ओढून मोकळा व्हायचा.

"पूर्ण नाव लिहा," ती म्हणाली. "वडिलांचं आडनाव, आईचंसुद्धा. आणि सावकाश लिहा."

बर्फ गाडीत वितळत होता आणि रोसेन्दो पुन्हा भोंगा वाजवत होता. निकान्द्रोने पेनाचं टोपण काढलं, पहिलं अक्षर काढलं, आणि दुसऱ्याआधी थांबला.