उजव्या कुशीचं दुखणं

शरीरशास्त्र विभागात त्यांना सगळे नकाशामामा म्हणत. हुद्दा शिपायाचा. देहदानात आलेले देह टिकावेत म्हणून त्यांत औषध भरायचं, ते टेबलावर मांडायचे आणि वर्ग सुटला की फरशी धुवायची, एवढंच काम. पण एकतीस वर्षं प्राध्यापकांच्या मागे उभं राहून मामांच्या कानांनी शरीराचा सगळा नकाशाच उचलला होता. परीक्षा जवळ आली की पहिल्या वर्षाची मुलं त्यांना गराडा घालत.

"मामा, ही शीर की धमनी?"

"दाबून बघा. धमनीची भिंत जाड, नळीसारखी उघडी राहते. शीर आपली चपटी पडते."

एक मुलगा तोंडी परीक्षेत यकृत डाव्या बाजूला सांगून आला, तेव्हापासून त्याचं नावच 'डावा' पडलं. दुसऱ्या खेपेला मामांनीच त्याची तयारी करून घेतली. "पुस्तक मिटा. हात स्वतःच्या पोटावर ठेवा. उजव्या बरगड्यांखाली यकृत, डावीकडे जठर. अहो, स्वतःचं पोट बरोबर घेऊन जाता आणि नापास होता?" डावा पास झाला, पुढे सर्जन झाला आणि त्याच आवारातल्या रुग्णालयात नोकरीला लागला.

मामांच्या घरात दोघंच, ते आणि त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईने शिलाई मशीन चालवून भावाला वाढवलं होतं. देहदानाचा अर्ज तिने स्वतःहून भरला. "जन्मभर लोकांची मापं घेतली," ती म्हणाली, "आता घेऊ देत मुलांना माझी."

एका सोमवारी ताईने ताट तसंच सरकवलं. बेंबीभोवती दुखतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं उजव्या कुशीत उतरलं, अंगात कणकण आली. मामांनी तिथे बोटं हलकेच दाबली आणि एकदम उचलली. ताई कळवळून उठून बसली. मामांनी लगेच रिक्षा बोलावली.

रुग्णालयात नेमका डावा होता. भोवती तीन शिकाऊ डॉक्टर.

"साहेब, बेंबीपासून सुरू झालं, आता उजवीकडे खाली आलंय. दाबून सोडलं की जास्त दुखतं. अपेंडिक्स वाटतंय."

डावा हसला. "मामा, तुमच्या टेबलावरची माणसं बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला सगळं कळतं असं वाटतं. जिवंत माणसाचं वेगळं असतं. गॅस झालाय त्यांना."

शिकाऊ डॉक्टरही हसले. डाव्याने ताईच्या पोटाला बोटसुद्धा लावलं नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला. मामा दारात घुटमळले. म्हणावंसं वाटलं, एकदा हात तरी ठेवून बघा. पण शिपाईपणाची सवय हाडात मुरलेली. "बरं साहेब," म्हणून ते ताईला घरी घेऊन आले.

बुधवारी सकाळी ताई प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, "थांबलं रे दुखायचं. उगीच घाबरवलंस मला."

अपेंडिक्स फुटलं की दुखणं थोडा वेळ थांबतं, हे मामांनी किती वर्गांत ऐकलं होतं. त्यांनी तिला तसंच गाडीत घातलं. ऑपरेशनचं टेबल रिकामं होईपर्यंत दुपार झाली, आणि तेवढा वेळ ताईकडे नव्हता.

मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू'. खाली सही डाव्याची.

विभागप्रमुख बाईंनी ताईचा देहदानाचा अर्ज समोर ओढला. "मामा, फार वाईट झालं. पण विचारावं लागतं. अंगात जंतुसंसर्ग असेल तर देह घेता येत नाही, माहीत आहे तुम्हाला. नव्हता ना?"

खरं बोलावं तर ताईची इच्छा मोडणार. गप्प बसावं तर डावा सुटणार. ताईने आयुष्यभरात भावाकडे मागितलं होतं ते एवढंच.

"नव्हता," मामा म्हणाले.

मांडीच्या धमनीतून औषध त्यांनीच सोडलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

सहा महिन्यांनी वर्गाने पोट उघडलं. बाई वाकल्या आणि थबकल्या. आतडी एकमेकांना चिकटलेली, उजव्या कोपऱ्यात सगळं सडलेलं. "हे बघा. फुटलेलं अपेंडिक्स."

"मॅडम, हे कुणाला कळलंच नाही?" एका मुलीने विचारलं.

"कळलं होतं," मामा मागून म्हणाले. "मरणाच्या आदल्या दिवशी. माझी बहीण आहे ती."

बाईंनी चादर ओढली आणि मामांना खोलीत नेलं. मामांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "चाळीस मुलांना धोक्यात घातलंत."

"आणि त्या डॉक्टरसाहेबांनी काय केलं, बाई?"

"दाखल्यात खोटं काही नाही. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं."

चौकशी झाली ती मामांची. ताईचा देह परस्पर जाळून टाकण्यात आला. मामांना नंतर तसं कळवणारा एक कागद मिळाला. त्यांची बदली चादरींच्या कोठारात झाली. डाव्याला बढती मिळाली. एकदा जिन्यात गाठ पडली, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, तेव्हा जरा जोरात सांगायचं होतं ना."

मामा त्या हाताकडे बघत राहिले. पोटावर ठेवायला तो कधी रिकामा नव्हता.

परीक्षेच्या दिवसांत, वर्गात प्रश्न विचारणारी ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी कोठारात आल्या. पिशवीतून एक हाड काढून तिने हळूच विचारलं, "मामा, हे डाव्या बाजूचं की उजव्या?"

हाड उजव्या बाजूचं होतं. लांबूनच कळत होतं.

"मला काय कळतंय त्यातलं," मामा म्हणाले आणि चादरींच्या घड्या घालू लागले.