बेन गरावच्या माथ्यावरचे दगड

हे तुम्हाला पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आमच्या पाद्रीबाबांनाही पटलं नव्हतं, आणि त्यांना तर समुद्र दुभंगलेला पटतो. पण बेन गराव डोंगराच्या माथ्यावर दगडांची जी रास आहे, ती अख्खी मी एकदा जागची हलवली होती. एकट्यानं. मत्सरापायी.

मी हे बोललो तेव्हा ग्लासगोहून आलेली तीन पोरं पबातल्या शेकोटीपाशी मोजे वाळवत बसली होती. उद्या संध्याकाळी त्यांना गरावला जायचं होतं. कोपऱ्यात टॉरकिल आपल्या कुत्र्याच्या कानामागे खाजवत होता. त्याची बायको मोराग, म्हणजे या पबची मालकीण, आत सूप ढवळत होती. मधलं दार लोटलेलं होतं. मी ते दोनदा बघून घेतलं.

"मत्सर कुणाचा, आजोबा?" त्या पोरांतल्या कर्स्टी नावाच्या चष्मेवालीनं विचारलं.

"ह्याचा." मी टॉरकिलकडे हनुवटी उडवली. "आता दिसतो पिंपासारखा. तेव्हा ह्याच्या पोटऱ्या बघायला शेजारच्या खोऱ्यातून बायका यायच्या."

"मेंढ्यासुद्धा यायच्या," टॉरकिल म्हणाला. त्याला बोलायला एवढंच पुरतं.

गराव आहे आडबाजूला. डांबरी रस्ता संपला की ओढ्याकाठानं लांबच लांब खडबडीत वाट आहे, आणि ती चालत जाणारा माणूस डोंगराच्या पायथ्याशीच दमून बसतो. म्हणून आमच्याकडे काम सुटलं की सायकलवर टांग टाकायची, जुन्या मेंढवाड्यापर्यंत जायचं, सायकल नेच्यांच्या झुडपांत लपवायची आणि तिथून पुढे पायी. जूनमध्ये उजेड मावळायचं नाव घेत नाही, त्यामुळे चहा आणि जेवण यांच्यामध्ये डोंगर करून येणारे महाभाग होते. टॉरकिल त्यांतला. रोज जायचा मेला. त्याच्याकडे हिरवी, तीन गियरची सायकल. माझी कुणीतरी टाकून दिलेली. तिला गियर एकच, तो म्हणजे माझा गुडघा.

सायकलचं मी सोसलं असतं. पोटऱ्यांचंही सोसलं असतं. पण मोरागनं त्याला मोजे विणून दिले. निळ्या पट्ट्यांचे. ते मोजे पायडलवर खाली-वर, खाली-वर होताना मागून बघत जायचं, म्हणजे काय असतं हे ह्या पोरांना काय कळणार? माझ्या पोटात अशी आग पडायची, की ओढ्यातून सायकल घातली तर पाण्याची वाफ व्हायची.

"वाफ?" कर्स्टी म्हणाली.

"मासे उकडलेले मिळायचे. मीठ तेवढं घरून न्यावं लागे."

आता मुद्द्याचं. मोरागनं देशातले सगळे उंच डोंगर एकेक करून पायाखाली घातले होते आणि शेवटचा म्हणून घरचा गराव राखून ठेवला होता. शेवटच्या डोंगराची आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. सोबती बरोबर जातात, पण माथ्याला हात पहिला तिचा. मग व्हिस्कीची बाटली उघडायची. आणि ती बाटली वर कुणी न्यायची, हे ज्याचा डोंगर तो ठरवतो. बाटली कुणाच्या पिशवीत गेली हे दुसऱ्या दिवशी सगळ्या खोऱ्याला ठाऊक असतं, आणि त्याचा अर्थही.

मोरागनं बाटली टॉरकिलला दिली.

"आणि तुम्हाला?"

"केक."

"केक काय वाईट?"

"बेदाण्यांचा होता, उत्तम होता. पण पोरी, बाटली देतात ती वेगळ्या माणसाला. केक देतात भावाला."

त्या रात्री मी उशी चावून काढली. सकाळी उशी नव्हती, नुसती पिसं होती. त्यातच मला सुचलं. बाटली त्याच्याकडे असू दे, माथ्यावर तिच्याजवळ मी असेन. गरावला माथ्याच्या अलीकडे एक खांदा आहे. धुकं उतरलं की नवख्याला तोच माथा वाटतो. तिथं रास नाही म्हणून माणूस पुढे चालत राहतो एवढंच. आता ती रासच तिथं असली तर?

मी दुपारीच निघालो. वारा पाठीमागून असा, की ओढ्याच्या वाटेवर पायडल मारायचं कामच पडलं नाही, ब्रेक तेवढे झिजले. मेंढवाड्यापाशी सायकल टेकवायला झाड नव्हतं. पण चिलटं इतकी दाट होती, की मी ती त्यांनाच टेकवून ठेवली. वर गेलो, स्वेटर काढला, त्याच्या बाह्या बांधून गाठोडं केलं आणि दगड वाहायला लागलो. आजवर जो जो वर गेला त्यानं ठेवलेला एकेक दगड! काही ओळखीचे निघाले. एक तर माझ्या आजोबांचा होता.

"तो कसा ओळखलात?"

"तंबाखूचा वास."

शेवटी शेवटी एक शिंगाळं हरीण बघत उभं होतं. त्याला माझी दया आली. उरलेले दगड त्यानं शिंगांवर घेऊन पोचवले. मी एकच दगड मागे ठेवला, टोपीखाली, मोरागसाठी.

खाली येऊन साळसूदपणे बसलो. ती दोघं सायकली मारत आली. टॉरकिलनं बाटली पाठीशी बांधली होती, तान्हं मूल बांधावं तशी. मेंढवाड्यावरून आम्ही चढायला लागलो आणि धुकं उतरलं. मोजेवाला पोटऱ्या दाखवत पुढे निघून गेला, आणि खांद्यावरच्या राशीपाशी बाटली घेऊन बसला. आम्ही त्याला वळसा घालून खऱ्या माथ्यावर पोचलो. मी टोपी उचलली, खाली दगड होताच. मोरागनं त्याला हात लावला. ढग फुटले आणि सगळं खोरं सोन्याचं झालं. आम्ही केक खाल्ला. ती म्हणाली, 'लॅकी, केक काय सुरेख झालाय.'

"केक तर त्यांनीच केला होता ना?"

"तरी म्हणाली. भारावली होती."

कर्स्टीनं कोपऱ्यातल्या टॉरकिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही चष्मेवाली पोरं वाईट.

"मग लग्न यांच्याशी का केलं?"

हा प्रश्न कुणी विचारू नये असं मला नेहमी वाटतं, आणि नेहमी कुणीतरी विचारतंच.

"चिलटांमुळे," मी म्हणालो. "आम्ही खाली आलो तर टॉरकिलचं मागचं चाक चपटं. चिलटांनी चावून हवा काढलेली. पंप होता माझ्याकडे, पण तो मी..."

"ओढ्यात पडला," टॉरकिल म्हणाला.

"ओढ्यात पडला. मग हा हिरवी सायकल ढकलत चालायला लागला आणि मोरागला आली दया. तीही आपली सायकल ढकलत याच्याबरोबर. मी आपला वाऱ्यामुळे पुढे. थांबायला गेलो तर ब्रेक झिजलेले! ती सगळी लांबलचक वाट दोघं बोलत आली. तीच वाट, जी चालून जायला नको म्हणून सगळं खोरं सायकली बाळगतं. गावात पोचली तेव्हा ठरलेलं होतं."

"म्हणजे त्या चाकात हवा असती तर..."

"तर आत जे सूप ढवळलं जातंय ना," मी म्हणालो, आणि माझा आवाज मला नको तसा आला, "ते माझ्यासाठी ढवळलं गेलं असतं."

तेवढ्यात दार उघडलं. मोराग हातात डाव घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"पोरांनो, उद्या वर गेलात की बघा," ती म्हणाली. "गरावच्या माथ्यावर दगडांची रास नाहीये. कधीच नव्हती. तिथं मोजणीवाल्यांनी बांधलेला सिमेंटचा खांब आहे. त्याला मी मिठी मारली तेव्हा शेजारी टॉरकिल होता आणि लख्ख ऊन होतं. इतकं लख्ख, की खाली मेंढवाड्यापाशी हिरव्या सायकलच्या मागच्या चाकाजवळ कोण उकिडवं बसलंय ते मला वरून दिसत होतं. लॅकी, खोटारड्या, तू वर आलाच नाहीस! आणि केकही नाही आला!"