मानेखालचा हात

नॅपकिनची कड दोनदा दुमडली की तिसरी घडी आपोआप गोल होते. मग तळहाताने एकदा पुढे, एकदा मागे... झाली वळकटी, अंगठ्याहून जरा जाड. बघावंसुद्धा लागत नाही. आजी खिडकीतून समोरच्या गच्चीवर चादर झटकणाऱ्या बाईकडे बघत होती आणि खाली मांडीवर हातांनी आपलं काम उरकून ठेवलं होतं. प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आया होती ती. तान्ह्या मुलाच्या मानेखाली सरकवायची ही वळकटी. थोरल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, बाकी काहीही विसरलीस तरी चालेल, मान विसरायची नाही. नाही विसरले. एवढं एक मला कुणी म्हणू शकणार नाही.

“मुंगी, चल, फूल करू या.”

नात आली. सात वर्षांची, पण फरशीच्या सांध्यावरूनच चालायची, सांधा जिथे वळेल तिथे वळायची, म्हणून मुंगी. आजीकडे न बघता ती बीन बॅगवर बसली आणि मागे रेलली. हात-पाय पसरायचे, डोकं मागे सोडायचं, म्हणजे फूल उघडलं. हात छातीवर, पाय पोटाशी, अंगाचं मुटकुळं, म्हणजे फूल मिटलं. असं दहा वेळा. झाल्यावर आजीने वही ओढली आणि लिहिलं : आज केले. दहा. सहा आठवड्यांत एकही दिवस रिकामा नव्हता.

अक्षरं तिला साठीनंतर आली, आणि ती मुंगीकडून. चार वर्षांची मुंगी बोलत नव्हती, पण अक्षरांचे पुठ्ठे जमिनीवर ओळीने लावायची. आजी शेजारी बसून लावायला लागली. चुकली, की मुंगी तिचं मनगट धरून हात उचलायची आणि बरोबर पुठ्ठ्यावर नेऊन ठेवायची. रागावणं नाही, हसणं नाही. असा मास्तर कुणाला मिळाला असेल? पुढे दवाखान्याच्या कागदावरचा ‘स्वमग्न’ हा शब्द तिने स्वतः वाचला, जोडाक्षरांपाशी दोनदा थांबून. लेक तेव्हा रडत होती, आणि आपल्याला मात्र आधी आनंद झाला होता, वाचता आल्याचा... मग लाज.

“आई, दवाखान्यात अकराला पोचा हं,” लेक दारात चप्पल शोधत होती. तिला लॅबमध्ये नऊला हजर व्हायचं असे. “आणि ताईंना खरं काय ते सांग. काल केस धुताना पुन्हा तेच झालं.”

“होते की मी तिथे.”

“हे म्हणतायत, आज ताईंनी फरक नाही म्हटलं तर सोमवारपासून मुंगीचा व्यायाम हेच घेणार.”

“जावईबापू? अगं, ते बाटलीचं बूच लावतात ते उघडायला दोन माणसं लागतात.”

लेक हसली, पण ‘नाही’ म्हणाली नाही. ते आजीने बरोबर टिपलं.

काल केस धुताना... मुंगीचं डोकं नुसतं मागे झुकवलं, तर दोन्ही हात एकदम बाहेर फेकले गेले, बोटं फाकली, श्वास अडकला आणि मग ती किंकाळी. तीच. नवं मूल पाळण्यात ठेवताना हात जरा लवकर सुटला तर तेही असंच करतं, हात फेकतं, मिठी मारायला काहीतरी शोधतं. म्हणून तर मुंगीचे केस कातरून कानाच्या वर आणले होते. आपल्या लेकीचे केस पाठभर होते. मुंगीला केस आवडतात, ती आईची वेणी तासन्‌तास बोटांतून सोडत बसते... आणि तिच्या स्वतःच्या डोक्यावर हा ब्रश.

दवाखान्यातल्या थेरपिस्टला सगळे ताईच म्हणायचे. पहिल्या दिवशी ताईने कापडी बाहुली घेऊन समजावलं होतं. जन्मलेल्या मुलाचं अंग काही गोष्टी आपोआप करतं, दचकलं की हात फेकतं, तळव्यावर बोट ठेवलं की मूठ वळतं, मान वळली की त्या बाजूचा हात ताठ करतं. आजी मनात म्हणाली, मला सांगतेस? तुझा स्वतःचा तळवासुद्धा मी पाहिला असेल. आणि खरंच तिने ताईच्या कानाच्या पाळीकडे निरखून बघितलं होतं. मनगटाच्या पट्टीवरचं नाव वाचता येत नसे तेव्हा ती मुलं पाळीवरूनच ओळखायची. ताईची पाळी काही ओळखीची निघाली नाही. “पुढे मेंदू मोठा होतो,” ताई सांगत होती, “आणि या सवयींना झोपवतो. बहुतेक पहिल्या वर्षातच. काही मुलांच्या जाग्या राहतात. स्वमग्न मुलांत जरा जास्त वेळा दिसतं. व्यायामाने काहींना फरक पडतो, सगळ्यांना नाही. मी खोटी आशा लावणार नाही, आजी. मुंगी मुंगीच राहणार. केस धुताना ती घाबरली नाही तरी मला पुष्कळ झालं.” हे आजीला पटलं होतं. खोटी आशा लावणारे डॉक्टर तिने पुष्कळ पाहिले होते.

आज ताई म्हणाली, “तुम्ही घरी करता तस्संच करा. मी मध्ये बोलणार नाही.”

आजीला काय, ती तयारच होती. पिशवीतून वही काढून ठेवली, मुंगीला बसवलं, दहाच्या दहा फुलं करून दाखवली. एकही हलगर्जीपणा नाही. ताईने मोबाइलवर चित्रण केलं होतं. मग ती खाली, आजीच्या शेजारी येऊन बसली आणि तिने मोबाइल आजीच्या हातात दिला.

चित्रात मुंगी मागे रेलत होती. आणि एक हात — म्हातारा, शिरा वर आलेला — तिच्या आधी मागे जात होता. डोकं टेकायच्या आत मानेखाली नॅपकिनची वळकटी, वळकटीखाली हात. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. दहाच्या दहा वेळा.

“हा हात कुणी सांगितला होता?” ताईने हळूच विचारलं.

“हात... असतोच तो.”

“आणि हा नॅपकिन?”

आजीने मांडीकडे पाहिलं. वळकटी तिथेच होती. घरून कधी घेतली, पिशवीतून कधी काढली, काही आठवेना. मग दोघींनाही हसू फुटलं, आजीला जास्त. मुंगीने कानांवर हात ठेवले.

“आजी, डोकं मागे गेलंच नाही हो एकदाही. मागे जाऊनही आपण पडत नाही, हे तिच्या अंगाला कळणार कसं?”

“मग माझ्या सहा आठवड्यांचं काय?”

“आज पहिला दिवस धरा. तुमच्या लेकीला मी तसंच सांगेन. फक्त तुम्हाला हात काढता येतोय का, ते मला सोमवारी सांगा. नाही जमलं तर मुंगीच्या बाबांना पाठवा. त्यात कमीपणा नाही.”

बसमध्ये मुंगी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवत होती आणि आजी आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. एकतीस वर्षं याने एकही मान पडू दिली नाही. पण मूल पाच दिवसांचं झालं की घरी जायचं. पाचव्या दिवसानंतर मानेचं काय होतं, ती कधी ताठ होते, दचकणं कधी थांबतं... हाताने कधी बघितलंच नव्हतं. माझ्या लेकीचंही नाही. ती सासूबाईंजवळ वाढली, मी ड्यूटीवर. एके दिवशी घरी आले तर मान धरून बसली होती, माझ्याकडे परक्यासारखी बघत. म्हणजे धरायचं तेवढं मला शिकवलं, सोडायचं कुणी शिकवलं नाही... आणि ताई म्हणते, झोपायला हवं ते जागं राहतं. पासष्टाव्या वर्षी? तिला बसमध्ये पुन्हा हसू आलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाईट वाटत नव्हतं. अक्षरं शिकले, तर हेही शिकेन.

दुपारी घर शांत होतं. आजीने नॅपकिन धुऊन दोरीवर टाकला, ओला. ओल्याची वळकटी होत नाही.

“मुंगी, फूल.”

मुंगी मागे गेली. डोकं सुटलं, हात फेकले गेले, श्वास अडकला, आणि किंकाळी फुटायच्या आत हात मानेखाली पोचलासुद्धा. गेलाच. आजीला तो निघाल्याचं कळलं ते पोचल्यावर. मुंगी पाय आपटत उठली आणि खिडकीपाशी जाऊन, पाठ करून उभी राहिली.

आजीने वही उघडली. लिहिलं : आज हात गेला. खोडलं नाही. मग शाळेत पहिल्यांदाच आलेल्या पोरीसारखी मांडी घालून ताठ बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून टाकले. तिने बोलावलं नाही. वेळ गेला. पायाला मुंग्या आल्या.

मुंगी सांध्यासांध्याने परत आली. बीन बॅगवर बसली, पण रेलली नाही. आजीच्या मांडीकडे बघत राहिली, काहीतरी जागेवर नसावं तशी. मग वाकली, आजीचं उजवं मनगट धरून तिने हात बाहेर ओढला. आजीला वाटलं, आता नेईल मानेखाली... नेलं तर? नेलं तर काय करायचं, हे ताईने सांगितलं नव्हतं.

मुंगीने हात फरशीवर ठेवला, उपडा. एक बोट सांध्याबाहेर जात होतं, ते सरळ केलं. पुठ्ठा बरोबर लागला की ती जशी क्षणभर थांबायची, तशी थांबली. आणि मागे रेलू लागली, हळू, डोळे छताकडे.

फरशी गार होती. हात तिथेच होता, जिथे ठेवला तिथे... उचलायला निघाल्यासारखा झाला, आणि या वेळी मला ते निघण्याआधी कळलं.