जयक्काचा ट्रॅक्टर

खंडेनवमीच्या सकाळी जयलक्ष्मीने ट्रॅक्टरला न्हाऊ घातलं, तेव्हा अंगणात दुसरं माणूस नव्हतं. या कामाला खरं तर दोघं लागायची. एकाने बादल्या ओतायच्या आणि दुसऱ्याने बॉनेटवर चढून उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा. आधी तिचे वडील, संताजीराव, धरायचे. ते गेल्यावर शेतावरचा गडी धरू लागला, आणि मग तोही टी. नरसीपूरला लेकाकडे निघून गेला. यंदा तिने सायलेन्सरवर दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा उपडा घातला आणि एकटीनेच वरून पाणी सोडलं. डबा केव्हा घरंगळला ते तिला कळलंच नाही.

मग हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली, चाकांखाली लिंबं ठेवून झाली. बॅटरी कधीचीच बसलेली, म्हणून ट्रॅक्टर नेहमी उतारावरच उभा असायचा. तिने ब्रेक सोडला, ट्रॅक्टर घरंगळू लागल्यावर क्लच सोडला. लिंबं चिरडली, आणि पाठोपाठ इंजिनात कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला. एकदाच. काळं तेल लिंबांच्या फोडींवरून ओघळत उताराला लागलं.

नजरबादहून भुजंगराव मेकॅनिक आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

"नोडी अक्का, बघा," ते म्हणाले, "सायलेन्सरातून पाणी शिरलं. हवा दाबली जाते, पाणी कुठलं दाबलं जातंय? रॉड वाकला आणि ब्लॉक फोडून बाहेर बघायला आला."

"बाहेर बघायला?"

"मग काय! भोकात हात घालून नमस्कार करा त्याला."

जयलक्ष्मीला हसू आलं नाही. "दुरुस्त होईल?"

"न व्हायला काय झालं? ब्लॉकचं भोक बुजवता येतं. भंगारात धुंडाळलं तर पिस्टनही मिळेल. पण एक विचारू? रागावू नका." त्यांनी हात पुसले. "याला काम आहे का?"

तिने झेंडूची माळ उगाच सरळ केली.

"कामाला जाणार असेल तर जीव ओतून करतो. पण अंगणात उभा करून बघत बसायचं असेल, तर माझं म्हातारपण कशाला त्यात घालवता?"

"विचारून सांगते," ती म्हणाली.

कुणाला, असं भुजंगरावांच्या ओठांवर आलं होतं. पण घराकडे नजर गेली आणि त्यांनी पाने-पकडी आवरायला घेतल्या. घरात दोरीवर एकच लुगडं वाळत होतं.

तिने लग्न केलं नव्हतं. भाऊ फौजेत गेले ते तिकडचेच झाले, आणि वडिलांनी जुनापुराणा ट्रॅक्टर घेतला तेव्हा चालवायला हीच उरली. गावात, हिनकलमध्ये, लोक आधी हसले. मग एकेकाने हाक मारायला सुरुवात केली. "जयक्का, उद्या आमच्याकडे." पहाटे दारात कुणीतरी उभं असायचं, वाद घालायचं, "माझी पाळी आधी!" म्हणायचं. ही कंबरेवर हात ठेवून निवाडा करायची. रागीची, कुळथाची, कितीतरी रानं तिने उलथली. दुपारचं जेवण बांधावर यायचं, केळीच्या पानात. गावातल्या प्रत्येक शेताचा दगड न् दगड तिला ठाऊक होता. घरं मात्र तिने बाहेरूनच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. ट्रॅक्टर नीट केला तर बोलवाल का, एवढंच विचारायचं होतं.

रंगनाथच्या शेतात रागीच्या जागी पांढरे रंगवलेले दगड रांगेने उभे होते, प्लॉट पाडलेले. तो फाटकातूनच म्हणाला, "करा अक्का, करा! लागेल की." कशाला लागेल ते त्याने सांगितलं नाही. वेंकटरमणच्या अंगणात निळा कोरा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्यासमोर उभा राहून तोही म्हणाला, "तुमच्या हाताची नांगरट ती नांगरटच." खोटं बोलताना माणसं किती गोड होतात, असं तिच्या मनात आलं, आणि त्या गोडव्याने तिला जास्तच एकटं वाटलं.

पुढच्या घरातली नागरत्ना तेवढी फाटकाबाहेर आली. तिचं नि जयलक्ष्मीचं बोलणं कानडीतच चालायचं.

"कशाला करता नीट?" ती म्हणाली. "आमचं रान विकलं. आता तिथं कुणी बँकवाला बंगला बांधतोय. त्याच्या दिवाणखान्यात नांगर घालणार आहात?"

जयलक्ष्मी म्हणाली, "खरं बोललीस ते बरं केलंस," आणि वळली.

"अहो, पण म्हणजे तुम्ही आता यायच्याच नाही का?"

ती चालत राहिली.

आठवडाभर तिने रोज ट्रॅक्टर पुसला. रोज पहाटे उठून दाराकडे पाहिलं. गेल्या पावसाळ्यातही, इंजिन धड असताना, या दारात कुणी आलं नव्हतं. तेव्हा तिने पावसाला दोष दिला होता. इंजिन नीट झालं की ती पुन्हा पावसालाच दोष देईल, हे तिला एका सकाळी फडका पिळताना लख्ख दिसलं.

ट्रॅक्टर सुटा करून घेऊन जा, असा निरोप तिने भुजंगरावांना धाडला. ते टेम्पो घेऊन आले.

"नक्की ना अक्का? चाकं, गिअरबॉक्स चांगलेत, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील. एकदा उघडला की मग परत जोडणं नाही."

"उघडा."

ट्रॅक्टर गेला आणि अंगण एकदम मोठं झालं. एवढ्या मोठ्या अंगणाचं काय करायचं असतं, ते तिला ठाऊक नव्हतं. ती झाडून काढी, पुन्हा झाडी. कधी कधी संध्याकाळपर्यंत तिचा आवाज तिलाच ऐकू येत नसे. मग ती मांजरावर उगाच ओरडे.

थंडी पडली. बाजारात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आल्या. एका दुपारी जयलक्ष्मी चांगलं पातळ नेसली आणि नागरत्नाच्या घरी गेली. वाटेत तिने दोन-तीन निमित्तं जुळवली होती, चाळण मागायची, नाहीतर बियाणं विचारायचं. दारात पोचल्यावर चपला कुठं काढायच्या इथूनच अडलं. चिखलाच्या पायांनी बांधावर बसायची सवय होती तिला.

नागरत्ना ओसरीवर भिजवलेल्या अवरेचे दाणे चिमटीत दाबून सालं काढत बसली होती. "अय्यो, अक्का! काय काम काढलंत?"

चाळणीचं नाव ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"सुम्ने," ती म्हणाली. सहजच. असं कुणाकडे ती आजवर कधी गेली नव्हती.

नागरत्नाने तिच्याकडे पाहिलं, मग परात थोडी तिच्या बाजूला सरकवली. जयलक्ष्मी बसली. तिने एक दाणा चिमटीत धरून दाबला, तो सालासकट चिरडला.

"हळू!" नागरत्ना हसली. "त्याला काय नांगरायचंय?"

जयलक्ष्मीने बोटं पुसली आणि दुसरा दाणा उचलला.