काचेच्या पेटीतला थोरला

मी नगरभवन बोलतोय. नाही, मान वर करून घुमटाकडे बघू नका. तो बोलत नाही, त्याला बोलायची कधी गरजच पडलेली नाही. खाली बघा. दर्शनी दालनात, डाव्या हाताला, ओल्या छत्र्या ठेवायच्या पिंपाशेजारी एक काचेची पेटी आहे. तिच्यात मी आहे. लाकडाचा, जेवणाच्या टेबलाएवढा, घुमटावर तांब्याचा पत्रा. पेटीवर पाटी आहे : ‘नगरभवनाची प्रतिकृती’.

प्रतिकृती! या एका शब्दाने माझं उभं आयुष्य नासवलं. अहो, मी आधी जन्मलो. त्याच्या पायाचा दगड खाणीत झोपलेला होता, तेव्हा माझ्या डोक्यावर घुमट चढला होता. मग नक्कल कोण कुणाची?

मला कागदावर काढलं एका तरुण वास्तुकाराने, पण जन्म दिला सुताराने. सरसाच्या वासाने भरलेली त्याची खोली, खिडकीशी बाक, बाकावर मी. माझे खांब त्याने एकेक करून तासले. सभासदांची अर्धगोल बाकं पटाशीने कोरली. माझं छप्पर डब्याच्या झाकणासारखं उघडतं. उघडलंत तर खाली सभागृह आणि वर तिन्ही बाजूंनी फिरणारी, लोकांनी बसायची गॅलरी दिसते. सभासद खाली, लोक वर. ही रचना मुद्दाम होती. “आपण बोलतोय ते वरून कुणीतरी ऐकतंय, हे त्यांना सतत जाणवलं पाहिजे,” असं वास्तुकार म्हणायचा.

आणि त्या गॅलरीसाठी त्याने बाजूच्या गल्लीत एक दार काढलं होतं. रस्त्यावरून थेट आत, भिंतीच्या जाडीतूनच वर चढणारा जिना, आणि जिना संपला की गॅलरी. मध्ये दरवान नाही, विचारपूस नाही. “ज्यांचं भवन, त्यांनी परवानगी कुणाकडे मागायची?” हे त्याचं म्हणणं. मला ते फार आवडलं होतं. त्या वयात असं सगळं आवडतंच, आणि खरं सांगू, ते वय संपायलाच नको होतं कुणाचं.

तो जिना दिसावा म्हणून सुताराने माझ्या बाजूच्या भिंतीला सरकती फळी केली. फळी ओढली की जिना उघडा पडतो. वळणावर मात्र लाकूड कमी पडलं आणि त्याने छताची पट्टी जरा खालीच ठोकली.

वास्तुकार वाकून बघत म्हणाला, “अहो, इथे माणसाचं डोकं आपटेल.”

“नमुन्यातून कोण चालणार आहे साहेब? मुंग्याच ना? त्या बसतील.”

दोघंही हसले आणि पट्टी तशीच राहिली.

ते माझे सुखाचे दिवस. नगरपालिकेचे सभासद माझ्याभोवती गर्दी करून उभे राहायचे, चष्मे पुसून पुन्हा लावायचे, बोट लावायचा मोह आवरायचे. मी मंजूर झालो. मग मला बांधकामावर नेलं. गवंडी रोज सकाळी यायचा, कर्कटकाने माझं माप घ्यायचा आणि तिकडे दगडात बसवायचा. इमानी माणूस. नमुन्यात जे दिसलं ते त्याने बांधलं. वळणावरची खाली आलेली पट्टीसुद्धा, मापाच्या पटीत, जशीच्या तशी.

तो वाढत गेला. मी तेवढाच राहिलो.

धाकटा भाऊ डोळ्यांदेखत खांद्याच्या वर जातो तेव्हा काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल. आधी त्याची सावली माझ्यावर पडली. मग त्याला घुमट आला आणि अख्खा रस्ता थांबून बघायला लागला. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली गेली, भाषणं झाली, टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी अवजारांच्या खोपटात ऐकल्या, अंगावर चुन्याच्या रिकाम्या गोण्या घेऊन. केलं कुणी, मिरवलं कुणी!

खोपटातून पुढे मला त्याच्याच मागच्या खोलीत टाकलं. तिथे माझ्या घुमटावर कारकून जेवणाचे डबे ठेवत. एक दिवस सभागृहातून मोठा गलका ऐकू आला. पाणी महाग करायचा ठराव होता आणि गल्लीच्या दारातून आलेल्या लोकांनी गॅलरी भरून टाकली होती. वरून ओरडा झाला, ठराव बारगळला. दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून थापीचा आवाज यायला लागला. दार चिणलं जात होतं. “तात्पुरतं आहे,” असं कुणीतरी कुणालातरी समजावत होतं. तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ जगात काही नसतं. बाहेरून दगड लावला, आतून गिलावा केला, आणि ते दार आठवणारी माणसं एकेक करून गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला आनंद झाला. आता माझ्याकडे असं काहीतरी होतं, जे त्याच्याकडे नव्हतं.

कधीतरी कुणाला इतिहासाचा उमाळा आला आणि मला पुसून या पेटीत ठेवलं गेलं. पाटी लिहिणाऱ्याने माझं दार पाहिलं, भवनाला फेरी मारली, दार सापडलं नाही, म्हणून खाली बारीक अक्षरात लिहून टाकलं : ‘बाजूचे दार ही सुताराची चूक.’ चूक तर चूक! पण माझी एकट्याची. येणारेजाणारे “कित्ती गोड!” म्हणत, मग माझ्याकडे पाठ करून त्याच्यासोबत फोटो काढत. मी माझ्या दाराकडे बघून दिवस ढकलत होतो.

दारात शिपाई असतो. सगळे त्याला मामा म्हणतात. आतल्या जिन्याने गॅलरीत जायचं तर सभासदाच्या सहीचा पास लागतो आणि तो पास मामा तपासतो. एका दुपारी एक इस्त्रीवाली आली. हाताला कोळशाची काजळी तशीच.

“आज आमच्या गल्लीच्या नळाचं आहे ना आत? मला ऐकायचंय.”

“पास?”

“पास कुठे मिळतो?”

“आत.”

“आत कसं जायचं?”

“पास घेऊन.”

“म्हणजे मला हवं ते आत आहे, आणि आत जायला तेच हवंय. बरं आहे बाबा तुमचं!” ती म्हणाली आणि माझ्या पेटीला टेकून उभी राहिली. सभा संपेपर्यंत तशीच उभी राहिली. आत तिचा नळ पुढच्या वर्षावर ढकलला गेला. ते तिला मामानेच सांगितलं, खाली बघत.

हे सगळं मामाची सख्खी भाची बघत होती. भवनाची दुरुस्ती निघाली होती आणि ती तिथे नकाशे करायला आली होती. केसात पेन्सिल, बुटांना चुना, आणि कपाळावर कायम कुणाशीतरी भांडायची तयारी. ती इस्त्रीवालीच्या जागी येऊन उभी राहिली आणि तिची नजर माझ्या बाजूच्या भिंतीवर गेली.

“मामा, हे दार कुठंय?”

“चूक आहे गं ती. पाटीवर लिहिलंय.”

“पाटीवर लिहिलं की खरं?”

“आमच्याकडे तेच खरं, बाळ. बाकी सगळ्याला पुरावा लागतो.”

मला धडकीच भरली, हिला ते सापडलं तर? भवनात ते दार जिथे चिणलं होतं, त्याच भिंतीला लागून सभासदांसाठी चहाची खोली व्हायची होती. काँक्रीट पडलं असतं, नळ बसले असते, आणि ते दार कायमचं गाडलं गेलं असतं. म्हणजे माझं एकट्याचं राहिलं असतं. मी मनात म्हणत होतो, होऊ दे चहा!

पण ही पोरगी ऐकेना. नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या मागे लागली. भिंतीत जिना आहे, आधी उघडून बघा, म्हणाली. अध्यक्ष म्हणाले, “सुताराच्या चुकीसाठी मी दगडी भिंत फोडू? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!”

“दाखवते. खाली दालनात चला.”

आणि ते आले. अध्यक्ष, चार सभासद, मागे मामा किल्ल्या घेऊन. पेटी उघडली. कितीतरी वर्षांनी अंगाला वारा लागला. तिने माझ्या सरकत्या फळीच्या कडेला नखं लावली आणि ओढली.

मी फळी घट्ट धरून ठेवली.

हो, धरली. दमट हवेने लाकूड फुगलं होतं हे खरं, पण ते निमित्त. मी विचार करत होतो, का सोडू? घुमट त्याचा, टाळ्या त्याच्या, फोटो त्याचे. नावही त्याचंच, मी नुसती प्रतिकृती. आणि आता हे एक दारही काढून त्यालाच द्यायचं? तिने पुन्हा ओढली. मी आणखी आवळून धरली. तिचं नख तुटलं.

“झालं समाधान?” अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. “फळी नाही ती, नुसती रेघ आहे. चहाच्या खोलीचं काम सुरू करा.”

मामा कुजबुजला, “सोड गं. कशाला अंगावर घेतेस?”

तिने सोडलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, माझ्या भिंतीवरची धूळ फुंकली, आणि अगदी जवळ येऊन म्हणाली, “रागावलायस ना? मीही रागावले असते. चल ना, दादा. धाकट्यासाठी.”

“कुणाशी बोलताय तुम्ही?” अध्यक्षांनी विचारलं.

“याच्याशी. हा थोरला आहे साहेब. तुमचं भवन याच्यावरून झालंय, हा त्याच्यावरून नाही.”

थोरला. इतक्या वर्षांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. त्या वास्तुकारानेही नाही. माझ्या लाकडातलं काहीतरी सैल पडलं. फळी किरकिरत सरकली आणि माझा जिना उजेडात आला, भुसा अडकलेला, वळणावर खाली आलेल्या पट्टीसकट.

सगळे वाकले. मामा सगळ्यांत जास्त वाकला आणि ओरडलाच, “अरे, हे वळण तर कोट टांगायच्या बोळात आहे! भिंतीला पोट आलंय तिथे! रोज माझा खांदा लागतो त्याला!”

अध्यक्षांचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला. त्यांनाही तिथे रोज लागत होतं. कुणाला कधी वाटलं नव्हतं की त्या फुगवट्याच्या पोटात जिन्याचं वळण असेल. ते सगळे घाईने बोळाकडे गेले. थोड्या वेळाने हातोड्याची मूठ भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. पोकळ.

दार उघडलं आहे. चहाची खोली दुसरीकडे गेली. गॅलरीत आता रोज माणसं असतात आणि खाली सभासद जरा सावरून बसतात. इस्त्रीवाली पहिल्याच आठवड्यात वर जाऊन बसली. नळाचा विषय पुन्हा निघाला, तो आणखी पुढे ढकलायचं कुणाच्या जिभेवर आलं, त्याने वर पाहिलं आणि गिळलं. मामा भाचीला म्हणतो, “माझी अर्धी नोकरी खाल्लीस गं तू.” पण पाटीवरची ती बारीक ओळ त्यानेच किल्लीने खरवडून काढली.

‘प्रतिकृती’ मात्र तसंच आहे. आणि लोक गल्लीतून वर जातात, त्यामुळे माझ्या पेटीपुढून जाणारेही कमी झाले. माझं दार गेलं आणि माझी माणसंही गेली. मत्सर गेला का, विचारता? छे! संध्याकाळी त्याच्या घुमटावर ऊन पडतं तेव्हा अजून जळतो मी. फक्त आता कुणी विचारलं तर सांगतो, भाऊ आहे माझा.

तुम्ही याल तेव्हा गल्लीच्याच दाराने या. कुणाला विचारू नका, दार तुमचं आहे. जिना चढा. वळणावर तुमचं डोकं आपटेल. तुम्ही कपाळ चोळत त्याला शिव्या द्याल. देऊ नका. ती खूण माझी आहे, सरसाच्या वासाच्या त्या खोलीतली. म्हणून तिथे जरा वाका. त्याला वाटेल तुम्ही त्याला मान दिलात.

वाटू दे. धाकटा आहे.