पाव्हण्याला दंड

आमच्या गावाने मोतूमलला वाईट वागवलं असं कोणी म्हणू शकणार नाही. उलट लाडच फार केले. फाळणीनंतर सिंधमधून बोटीने आलेला हा माणूस पनवेलच्या बाजारातून कापडाचं गाठोडं उचलायचा आणि खाडीकाठच्या गावांत विकत फिरायचा. दोन वर्षं तो आणि त्याची बायको पदमी आमच्या मिठागराच्या रिकाम्या कोठीत राहत होते. कोणाच्याही ओट्यावर गेला की लगेच घोंगडी, पाणी, “बसा सेठ.” पण घर बांधायला गावठाणात जागा मागितली की माझे सासरे हसायचे. तुळशीराम त्यांचं नाव, गावकीचे पुढारी. “तुमी पाव्हनं,” म्हणायचे, “तुमाला घर कशाला पायजे?”

त्या हसण्याची मला चीड यायची. पदमीला सातवा महिना लागला होता. कोठीच्या छपरातून आभाळ दिसायचं. पावसाच्या आधी जागा मिळाली नाही तर कल्याणच्या छावणीत भावाकडे जायचं, असं तिने नवऱ्याला बजावलं होतं. मोतूमलचं मन मात्र आमच्या गावात अडकलं होतं. का, ते देव जाणे.

वैशाखाच्या अमावास्येला भरदुपारी उधाण आलं आणि आरोळी उठली, “बांधाला खांड परली!” बांध फुटला की खाडीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं हातची जाते. म्हणून आमच्याकडे घरटी एक माणूस पाटी घेऊन धावतो, ताटावरून उठून धावतो. माझा नवरा मचवा घेऊन खाडीत गेला होता, म्हणून आमच्या घरची मी, भामा, पदर खोचून निघाले.

काय पळापळ होती ती! पाणी खांडीतून घुसत होतं, पेंढ्याचे भारे पडत होते, आम्ही रांग करून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होतो. अंगात वारं भरलं होतं. माझ्यात आणि रांगेतल्या पुढच्या जगनमध्ये अंतर पडत होतं, ढेकळं निसटत होती. तेवढ्यात त्या जागेत कोणीतरी येऊन उभं राहिलं. बघते तर मोतूमल, पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला.

“सेठ, तुमी वर बसा,” जगन ओरडला.

“दे, दे, जल्दी दे,” मोतूमल माझ्याकडे बघून म्हणाला. मी दिलं. पहिलं ढेकूळ त्याच्या पोटावरच फुटलं. नंतर त्याचा हात बसला.

भरती ओसरली, बांध टिकला. आम्ही लहान पोरांसारखे नाचलो. मग सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे एकेका घराला हाक मारली. “जगनचं घर?” “हाय.” “काशिरामचं घर?” “हाय.” सगळी घरं झाली. मोतूमल मान उंचावून उभा होता. सासऱ्यांनी त्याच्या हातात नारळ ठेवला. “पाव्हन्यानं हात लावला, गावाला आनंद झाला.” मोतूमलने नारळ घेतला आणि खाली मान घालून कोठीकडे निघून गेला. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी बांध उंच करायचं काम होतं. तो आला नाही. कल्याणला जायचं म्हणून पनवेलला बैलगाडी ठरवायला गेला होता.

संध्याकाळी देवळासमोर गावकी बसली. कामाला न आलेल्या घराला एक नारळ दंड, हा जुना नियम. सासरे नावं घेत होते, तेवढ्यात मोतूमल कोठीची किल्ली परत द्यायला आला. पदमी मागे उभी होती. सकाळी गाडी येणार होती.

दिवसभर माती ओढून जगन वैतागला होता. तो म्हणाला, “आन ह्यो सेठ? काल रांगेत घुसला, आज पाठ दाखवली. माझी कंबर मोरली ना.”

“पाव्हना हाय तो,” सासरे म्हणाले.

गावकीत बायका बोलत नाहीत. मी बोलले. “पाव्हना ओट्यावर बसतो, मामंजी. ह्यानं माज्या हातातनं चिखल घेतला. बांधात त्याचा चिखल हाय. मंग आज का नाय आला, ते इचारा त्याला.”

“बराबर हाय,” काशिराम म्हणाला. “आमाला दंड, त्याला नाय? ह्यो कुठला न्याय?”

एकदम गलका झाला. जो तो मोतूमलच्या नावाने ओरडू लागला. दोन वर्षांत त्याच्यावर कोणी आवाज चढवला नव्हता. सासऱ्यांचं डोकं फिरलं. त्यांनी काठी आपटली. “गप बसा! मोतूमलच्या घराला दंड. येक नारल.”

‘मोतूमलचं घर’ हे सगळ्यांनीच ऐकलं. काय बोलून गेलो, ते सासऱ्यांनाही कळलं. पण भरगावकीत दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

मोतूमल पदमीकडे वळला. “पदमी, दंड हुआ!” त्याचा आवाज चिरकला. “हमारे घर को दंड हुआ!” तिने घाबरून कपाळाला हात लावला. तो मात्र कोठीकडे पळत सुटला होता. चप्पल वाटेतच राहिली. परत आला तेव्हा हातात कालचाच नारळ होता. तो त्याने सासऱ्यांच्या पायाशी ठेवला आणि किल्ली परत स्वतःच्या खिशात टाकली.

सासऱ्यांनी नारळ उचलून कानाशी हलवून पाहिला. हसले नाहीत.

“उद्या सकाळी पाटी घेऊन ये,” ते म्हणाले. “आन गाडीवाल्याला सांग, आलाच हायस तर बांधावर माती टाक. उशीर केलास तर दोन नारल घेईन.”