किनाऱ्याकडचे शब्द

परशरामाने सांगितलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या अप्पासाहेबांनी सोप्यावर दोन रांगांत मांडल्या होत्या, डावीकडे डोंगरबोलीतले शब्द, उजवीकडे समुद्रकाठचे. उंबऱ्याआड परशरामाची बायको रुक्माबाई सुपात धान्य पाखडत होती.

बेळगावच्या कॉलेजातले अप्पासाहेब चार रविवार परशरामाकडे हिंडलग्यास येत होते. लढाईत इटालियनांच्या कैदेतून निसटलेल्या हवालदार परशरामाला त्रिपोलीमागच्या डोंगरातल्या बर्बर लोकांनी पाच महिने लपवले होते. तिथले शब्द तो आठवून सांगे, अप्पासाहेब टिपून घेत. बर्बर बोलींची वर्गवारी करणारा त्यांचा प्रबंध त्यावर उभा राहायचा होता. रुक्माबाईला त्याचे सोयरसुतक नव्हते. परतल्यापासून तीन वर्षे मुक्यासारखा वावरणारा नवरा रविवारी दोन तास बोले, एवढे तिला पुरे होते.

"पाणी सगळीकडे अमानच," अप्पासाहेबांनी सुरुवात केली. "पण शेळी, वाट, जव यांचे शब्द डोंगरबोलीतले; चूल, दूध, पाळणा यांचे समुद्रकाठच्या बोलीतले. हवालदार, किनाऱ्यावर राहिला होता का?"

"न्हाय साहेब. डोंगर उतरलोच न्हाय."

"मग एका गावात दोन बोली कशा? माझा सगळा तक्ता कोसळतो."

रुक्माबाई दारात आली. "साहेब, मी कणकुंबीची, कोकणाच्या वाटंवरली. ह्या घरात सैपाकाला 'रांदप' कोण म्हणत न्हवतं. सासूबाई लई हसायच्या, 'कोकणीण आली गं बाई!' आता माझी पोरं रांदपच म्हणत्यात. त्यो शबूद त्यास्नी शिवारात घावला न्हाय, माझ्या चुलीपाशी घावला."

"म्हणजे तिथल्या डोंगरातल्या एखाद्या घरात किनाऱ्याकडची सून होती!" अप्पासाहेब हरखले. घाईघाईने लिहू लागले.

रुक्माबाईची नजर मात्र उजवीकडच्या रांगेवर खिळली. चूल. दूध. पाळणा. लपलेल्या शिपायाला वाट हवी, शेळीही हवी; पाळण्याशी त्याचे काय काम?

"अवो," ती सावकाश म्हणाली, "तुमी म्हणलता, गावाभाईर गुहेत पडून हुतो. भाकरी कोण ठिवून जायचं, त्ये तोंडबी बघितलं न्हाय. मग पाळणा कुणाचा हलवलासा?"

अप्पासाहेबांची लेखणी थबकली.

परशराम उठला. खुंटीवरचा टॉवेल त्याने खांद्यावर टाकला, एकाही चिठ्ठीवर पाय पडू न देता सोपा ओलांडला आणि पायऱ्या उतरून शिवाराच्या वाटेला लागला.